कुकरची शिट्टी आणि शनिवारची संध्याकाळ

"मावशी, सलाम. मी ३४ वर्षांची, पुण्यातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. माझे मिस्टर बोअरवेल आणि सोलर पंपांच्या दुरुस्तीचं काम करतात. त्यांना तीन वर्षांपासून परदेशातल्या मिशनरी सेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे आणि आता दार उघडलंय. जानेवारीत आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची मुलगी उत्तर केनियातल्या तुर्काना भागात जाणार आहोत, सुरुवातीला पाच वर्षांसाठी. टीम अगदी नवी आहे. टीमलीडर केनियाचे, तिथलीच एक आरोग्यसेविका, एक कोरियन जोडपं, ब्राझीलची एक शिक्षिका आणि आम्ही दोघं. अजून सगळे फक्त व्हिडिओ कॉलवर भेटलोय. मिस्टर म्हणतात, प्रभूने पाचारण केलंय तर तोच जुळवून आणेल. मीही तयार आहे. पण रात्री झोप लागत नाही. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोललेल्या नाहीत. चर्चच्या मंडळीतले काही जण म्हणतात, इथे सेवेला काय कमी होतं म्हणून आफ्रिकेत निघालात? मला वाटणारी भीती ही पाचारण नसल्याची खूण आहे का? – एक बहीण, वडगाव शेरी"

प्रिय बहिणी, सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली होती. 'पाचारण' हा शब्द तीनदा आलाय. दोनदा तुझ्या मिस्टरांसाठी आणि एकदा शंका म्हणून. तुझ्या वाट्याला एवढंच वाक्य आलंय, 'मीही तयार आहे.'

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. भीती वाटते म्हणून पाचारण खोटं ठरत नाही. करिंथला आपण भीत भीत, थरथर कापत आलो होतो, असं पौल स्वतःच लिहितो (१ करिंथ २:३). सहा वर्षांचं लेकरू घेऊन अनोळखी माणसांच्या भरवशावर निघालेल्या आईला भीती वाटली नसती, तर मला जास्त काळजी वाटली असती.

पण 'तयार आहे' हे मला पुरेसं वाटत नाही. आपण बायका कशालाही तयार असतो. बदलीच्या गावाला तयार, दिराच्या लग्नाच्या कर्जाला तयार. म्हणून एक प्रश्न स्वतःला विचारून बघ. उद्या सकाळी मिस्टर म्हणाले, 'जाणं रद्द झालं', तर तुझा पहिला श्वास कसा पडेल? हायसं वाटेल, की आतून काहीतरी तुटेल? जे उत्तर येईल ते मिस्टरांना सांग, जसं आहे तसं.

एवढा आग्रह का धरते, ते सांगते. इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम केरी यांचं नाव तू संडे स्कूलपासून ऐकलं असशील. १८११ साली त्यांनी बंगालमधल्या सेरामपूरला मराठी नवा करार छापला, तेव्हा आपण त्यांच्या ऋणात आहोत. पण त्यांच्या पत्नीबद्दल, डॉरथीबद्दल, संडे स्कूलमध्ये फारसं सांगत नाहीत. १७९३ मध्ये त्यांना भारतात यायचं नव्हतं. नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या. जहाजाचा खोळंबा झाला, तेवढ्या दिवसांत त्यांची मनधरणी झाली आणि बहीण सोबत येते म्हणाली तेव्हा कुठे त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर गेला. त्या दुःखात त्यांचं मन जे ढासळलं ते शेवटपर्यंत सावरलं नाही. १८०७ मध्ये त्या सेरामपूरलाच वारल्या. केरींचं काम मोठं होतं, पण त्या घरात एका बाईचा नकार कुणी नीट ऐकून घेतला नव्हता, हेही खरं.

तुम्ही दोघं मुलीला एक दिवस सासूबाईंकडे ठेवा आणि दौंडच्या गाडीने केडगावला जा. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या आवारात झाडाखाली बसून बोला. केडगावच का? तर पंडिता रमाबाई १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला कडेवर घेऊन इंग्लंडला गेल्या होत्या. तिथे वॉन्टेजच्या सिस्टर्सकडे, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींकडे, राहिल्या, बाप्तिस्माही तिथेच घेतला. पण न पटलेली गोष्ट त्यांनी गिळून टाकली नाही. काय खायचं, काय मानायचं, कुणाचं कुठवर ऐकायचं, यावर त्यांनी सिस्टर जेराल्डिनना लांबलचक आणि स्पष्ट पत्रं लिहिली. त्याच सिस्टरना त्या 'आजीबाई' म्हणत. माया राखून स्पष्ट बोलता येतं, ते आपल्याच बाईने करून दाखवलंय.

आता टीमचं. तुझी झोप उडण्याच्या मुळाशी हेच आहे असं मला वाटतं. त्यामुळे मी माझंच सांगते.

१९९६ मध्ये आम्ही टांझानियात गेलो, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या एका लहान गावात, आणि ११ वर्षं राहिलो. पहिल्या घराची एक भिंत शेजारच्या घराशी सामायिक होती. शेजारी आमच्याच टीममधलं युरोपातलं एक जोडपं होतं, त्यांचं बाळ चार महिन्यांचं. ह्यांना सातला दवाखान्यात पोचायचं असायचं, म्हणून मी पहाटे साडेपाचला कुकर लावायचे. आठवडाभरात शेजारीण तुटक वागायला लागली. मी मनाशी ठरवून टाकलं की हिला आपल्या फोडणीचा वास खपत नाही. मग मी खिडकी बंद करून फोडणी देऊ लागले. त्या उकाड्यात डोळे चुरचुरायचे, घाम पदराला पुसायचे आणि मनात म्हणायचे, 'बघ प्रभू, मी किती सोसते.' बुधवारच्या प्रार्थनासभेत आम्ही एकमेकींचे हात धरून प्रार्थना करायचो. दोघींचेही हात गार असायचे.

पाच महिने असे गेले. मग पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं. टाकी निमित्ताला. बोलता बोलता ती रडायलाच लागली. तिचं बाळ रात्रभर जागं असायचं आणि पहाटे चारला कुठे झोपायचं, आणि साडेपाचला भिंतीपलीकडून माझी शिट्टी व्हायची. ती म्हणाली, 'मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तुझा कुकर फार आवाज करतो, आणि तू हसून हो म्हणालीस!' मला आठवलं. ती बोलली होती खरी. मला ती सहज गंमत वाटली होती. म्हणजे पाच महिने ती समजत होती की सांगूनही मी मुद्दाम करते, आणि मी समजत होते की तिला आपल्या जेवणाची किळस आहे. फोडणीचा वास तिला आवडायचा. दुसऱ्या दिवसापासून मी भात रात्रीच करून ठेवायला लागले. प्रश्न एवढाच होता. पण त्या पाच महिन्यांत आमच्या कामाचं जे नुकसान झालं ते भरायला दोन वर्षं लागली, कारण गावातल्या बायकांना सगळं दिसत होतं. प्रीतीचा उपदेश करणाऱ्या दोन बाया एकमेकींच्या अंगणातून जात नाहीत, हे त्या बघत होत्या.

लांबच्या सेवेतून लोक परत येतात ते फार करून उन्हाला किंवा मलेरियाला कंटाळून नव्हे. टीममधल्या माणसांना कंटाळून येतात. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की आता कुणी निघालं की मी लशी, बॅगा यांच्याआधी टीमचंच विचारते.

आपली एक अडचण आहे, ती ओळखून ठेव. आपण मराठी माणसं 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असतो. 'चालेल' म्हणतो तेव्हा कितीदा तरी आपल्याला चालणार नसतं. हे एकमेकांत कळतं. ब्राझीलच्या बाईला कसं कळणार? ती तुझं 'चालेल' खरं धरून पुढे जाईल आणि तू मनात धरून बसशील. तुझ्या कोरियन सोबत्यांकडेही वयाचा आणि मोठेपणाचा मान फार असतो, म्हणजे तेही कदाचित लीडरसमोर गप्प राहतील. अशा टीममध्ये शांतता दिसली की सगळं छान चाललंय असं समजू नका.

यावर एक जुना उपाय आहे, आणि तो त्याच सेरामपूरचा आहे. १८०० साली केरी आणि त्यांचे सोबती मिशनरी मार्शमन आणि वॉर्ड यांची कुटुंबं एका घरात, एका चुलीवर राहू लागली, तेव्हा त्यांनी ठरवलं की दर शनिवारी संध्याकाळी बसायचं, आठवडाभरात एकमेकांबद्दल जे खटकलं असेल ते मिटवायचं आणि प्रीतीचं वचन पुन्हा द्यायचं. हे तिघं पुढे कितीतरी वर्षं एकत्र टिकले. त्यांच्याकडेही राग-रुसवे, पैशाची चणचण, आजारपणं सगळं होतं. पण रागाला आठवड्यातून एक ठरलेली वेळ होती.

तुमच्या टीमलीडरना आत्ताच सांगा की आम्हाला अशी एक संध्याकाळ हवी आहे. 'वाद झाला तर बसू' असं नको, कारण वाद झाल्यावर कुणी बसत नाही. वाद नसतानाही बसायचं. पहिल्या महिन्यात बोलायला काही नसेल तर शिट्टीबद्दल बोला.

आणि निघण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. टीमचा पैसा कुणाच्या हातात आणि हिशेब कोण बघतं? गाडी एकच असेल तर आधी कुणाला? दुसऱ्याच्या मुलाला कुणी रागवायचं का? घरी कुणी गेलं तर तिकिटाचे पैसे कुठून येणार आणि कुणाची परवानगी लागणार? तुझे मिस्टर म्हणतील, हे विचारणं म्हणजे अविश्वास. माझ्या मते हा विश्वासाचाच भाग आहे. पंप बसवण्याआधी ते बोअरची खोली मोजतात ना? तसंच.

लीडर केनियाचे आहेत, याचा मला फार आनंद झाला. त्यांच्या हाताखाली मनापासून काम करा. तिथे बहुसंख्य लोक आधीच ख्रिस्ती आहेत, तेव्हा तुम्ही तिथल्या मंडळीचे मदतनीस म्हणून जाताय. शिवाय तिथे भारतीय माणसाला 'मुहिंडी' म्हणतात, आणि मुहिंडी म्हटलं की पिढ्यान् पिढ्या पेढीवर बसलेला व्यापारी, नोकराशी चढ्या आवाजात बोलणारा मालक, हेच चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे येतं. तुमच्याकडेही आधी त्याच नजरेने बघतील. वाईट वाटून घेऊ नका. बादली स्वतः उचला, रांगेत उभे राहा, पाणी सगळ्यांच्या शेवटी घ्या.

आपल्या मातीचं आणि केनियाचं नातं जुनं आहे, हे मंडळीतल्या त्या लोकांनाही सांग. नाशिकचं शरणपूर त्यांना माहीत असेलच, निदान शरणपूर रोड तरी. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनच्या आश्रमात वाढली, शिकली, हातात कसब घेऊन बाहेर पडली. १८६४ मध्ये त्यांच्यातले काही जण मोंबासाजवळच्या रबाईला सेवेसाठी गेले. १८७५ मध्ये जवळच सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसलं, तिथेही हेच लोक शिक्षक, सुतार, सुवार्तिक होते. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याचं शव समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांतला जेकब वेनराइटही शरणपूरचाच. लिव्हिंगस्टनचं हृदय आफ्रिकेतच पुरलं, तेव्हा दफनविधीचं वाचन त्याने केलं होतं. पण या लोकांना गोऱ्या मिशनऱ्यांनी बरोबरीने वागवलं नाही. पगारात, मानात, निर्णयात त्यांना खालीच ठेवलं, आणि त्या कडवटपणाने रबाईचं काम पोखरलं. एकाच टीममध्ये दोन पायऱ्या झाल्या की काय होतं, ते असं नाशिकच्याच मुलांच्या वाट्याला आलं.

'इथे काय कमी होतं' या प्रश्नावर चिडू नकोस. विचारणाऱ्यांत दोन प्रकारचे लोक असतात. काहींना खरंच वाटतं की तुम्ही इथे हवे आहात. त्यांना सोबत घे. बाकीच्यांना वेळ देऊ नकोस.

सासूबाईंना मात्र वेळ दे. त्या तुझ्याशी बोलत नाहीत, मुलाशी बोलतात का, ते तू लिहिलं नाहीस. बहुतेक बोलत असतील. मुलावर रागवता येत नाही म्हणून सुनेशी अबोला, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. तेव्हा हे तुझ्यावर ओढवून घेऊ नकोस, पण पुढाकार तूच घे. दुपारी त्या निवांत असताना जवळ बस, भाजी निवडायला घे आणि विचार, 'आई, तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?' समजावू नकोस. वचनंही ऐकवू नकोस. त्यांना वचनं तुझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. नुसतं ऐक. मला वाटतं उत्तर येईल, 'मी गेले तर माझा मुलगा मातीला पोचेल का?' माझ्या सासूबाईंचा प्रश्न हाच होता. आम्ही पोचलो नाही. त्या वेळी फोन गावात नव्हता, तार चार दिवसांनी मिळाली. म्हणून तुला हात जोडून सांगते, याची तजवीज करून जा.

तजवीज म्हणजे नेमकं काय? तिकिटाचे पैसे वेगळे काढून ठेवा आणि त्यांना हात लावू नका. मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं आहे, तेव्हा अंतर त्यांना वाटतं तेवढं नाही, पण तुर्कानाहून नैरोबी गाठायलाही वेळ धरा. पिवळ्या तापाची लस तिघांनीही सरकारमान्य केंद्रात निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा. केनिया पिवळ्या तापाच्या देशांत मोडतो. तिथून कार्डाशिवाय भारतात उतरणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. आई आजारी म्हणून धावत आलेल्या मुलाने ते दिवस मुंबईत खोलीत बसून काढायचे, ही कल्पनाच करवत नाही. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते.

दुसरं, महिला मंडळातल्या दोघी-तिघींची नावं कागदावर लिहून सासूबाईंच्या हातात द्या. दर महिन्याला डॉक्टरकडे कोण नेणार, रात्री बरं वाटलं नाही तर पहिला फोन कुणाला, गॅस संपला तर कोण बघणार. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं (प्रेषितांची कृत्ये १३:३). तुमच्याही पाळकसाहेबांनी हात ठेवण्याआधी ही नावं ठरलेली असू द्या. आणि फोनची वेळ बांधून घ्या. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तुमचे सात म्हणजे पुण्यात साडेनऊ, सासूबाईंची झोपायची वेळ. पाचला फोन करत जा.

मुलीबद्दल थोडंसंच. तिकडचं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे तुमची वेळ बरी जुळलीय. मराठी घरातून जाऊ देऊ नका. आजीशी बोलायला तिला तेवढंच तर आहे. स्वाहिली ती तुमच्याआधी शिकेल. तुम्हालाही ती परकी वाटणार नाही: दुकानाला दुका, गाडीला गारी, विम्याला बिमा, चपातीला चपातीच. वेळ मात्र सांभाळा. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा तातू' म्हणजे शब्दशः तीन वाजता, पण असतात सकाळचे नऊ. आम्ही पहिल्या सभेला दुपारी तीनला पोचलो होतो, सभा केव्हाच उठली होती. तुर्काना भाषा तर स्वाहिलीपेक्षा वेगळ्याच कुळातली आहे. पहिलं वर्ष फक्त शिकण्यात गेलं तरी ते वाया गेलं असं कुणाला म्हणू देऊ नका.

कागदपत्रांचं: पर्यटक म्हणून मिळणाऱ्या ऑनलाइन परवानगीवर जाऊन काम सुरू करू नका. धार्मिक आणि सेवाभावी कामासाठी वेगळं परमिट असतं, ते काढा. केनियाच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होईपर्यंत तू सिरिंज हातात घेऊ नकोस, आणि त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून लागणारे कागद पुण्यात असतानाच गोळा कर. मंडळीचा ट्रस्ट मदत पाठवणार असेल तर आधी सीएला विचारा. ट्रस्टने भारताबाहेर खर्च केलेल्या पैशाला करातली सूट आपोआप मिळत नाही, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते.

आणि एवढं करूनही जमलं नाही तर? तू विचारलं नाहीस, पण रात्री जागं ठेवणारा प्रश्न हाच असणार. पौल आणि बर्णबा यांच्यासोबत सेवेला निघालेला मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत फिरला होता. त्याच्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढा तंटा झाला की दोघं वेगळे झाले. पवित्र शास्त्राने ते लपवलं नाही. आणि त्याच मार्काला आपल्याकडे घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं पौलाने उतारवयात तीमथ्याला लिहिलं. परत यावं लागलं तर वडगाव शेरीत तुमची मंडळी आहे, माझंही दार आहे.

केडगावला जाऊन आलीस की मला लिही. 'तयार आहे' च्या जागी दुसरं काही आलं का, ते वाचायची मला उत्सुकता आहे.

कुकर मात्र ने. तिथे वाळलेला घेवडा आणि मका शिजायला तास तास लागतात आणि जळण महाग असतं. रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह दोन-दोन जास्तीचे घे, तिकडे सहज मिळायचे नाहीत. आणि पहिल्याच शनिवारी सगळ्यांना घरी बोलावून त्यांच्यासमोर एकदा शिट्टी होऊ दे, मग विचार, ही कुठल्या वेळी झालेली चालेल?

तुझी मावशी